बाप्तिस्म्याच्या वहीतला बाप

३ जून १९८४ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन आयर्लंडमधल्या टिपरेरी काउंटीतल्या बॅलीपोरीन या छोट्या गावी आले. गावाने स्वागतात काही कमी ठेवलं नाही. एका पबने तर आपल्या पाटीवर त्यांचंच नाव चढवलं होतं. (पुढे त्या पबचं आतलं सगळं सामान उचलून कॅलिफोर्नियातल्या रेगन ग्रंथालयात मांडलं गेलं. भक्ती म्हणायची की धंदा, ते ज्याने त्याने ठरवावं.) पण या धामधुमीच्या मुळाशी होती चर्चमधली एक जुनी वही. ३ सप्टेंबर १८२९ रोजी मायकेल नावाच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला. बाप टॉमस रीगन, आई मार्गारेट मर्फी, अशी तिच्यात नोंद आहे. हा मायकेल रेगन यांचा पणजोबा.

रेगन यांच्या घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांचे वडील जॅक लहानपणीच पोरके झाले होते, त्यामुळे मूळ गाव कोणतं हे सांगणारं माणूसच उरलं नव्हतं. मायकेल तरुणपणी लंडनला गेला, १८५२ साली तिथे कॅथरीन मल्काहीशी त्याचं लग्न झालं आणि मग कुटुंब इलिनॉयला पोचलं. वाटेत लंडन लागलं हे वंशावळ शोधणाऱ्यांचं नशीबच. इंग्लंडमध्ये १८३७ पासून लग्नाच्या सरकारी नोंदीत वर आणि वधू दोघांच्या वडिलांची नावं लिहिली जात. आयर्लंडमध्ये कॅथलिकांच्या लग्नांची सरकारी नोंद सुरू झाली ती थेट १ जानेवारी १८६४ ला. त्याआधीचं काही हवं असेल तर पॅरिशच्या फादरची वही गाठायची, आणि ती लग्नाच्या बाबतीत बहुधा वर, वधू आणि दोन साक्षीदार एवढ्यावरच थांबते. कोण कुणाचा मुलगा, कोण कुणाची मुलगी, याचा उल्लेखच नाही.

मग शोधणाऱ्याला वाकडी वाट धरावी लागते. लग्न सापडलं की त्या जोडप्याच्या मुलांचे बाप्तिस्मे शोधायचे, कारण तिथे आईचं माहेरचं आडनाव लिहिलेलं असतं. मग मुलांच्या नावांकडे पाहायचं. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं. पहिली मुलगी आईच्या आईची, दुसरी बापाच्या आईची, असा तिथला रिवाज. थोरल्याचं नाव टॉमस असेल तर आजोबा टॉमस असावा, असं धरून एक पिढी मागे सरकायचं. पण एकाच पॅरिशमध्ये एकाच वेळी चार पॅट्रिक मर्फी आणि पाच मेरी मर्फी सहज असतात. त्यातून फादर नाव लॅटिनमध्ये लिहिणार: जेम्सचा जेकोबस, विल्यमचा गुलिएल्मस. घरी ज्याला सगळे टाइग म्हणतात तो वहीत थॅडियस किंवा टिमोथी होऊन बसतो.

इथवर हा नुसता चिकाटीचा खेळ वाटेल. पण बॅलीपोरीनच्या त्या दिवसात एक गोम होती. वही पाहायला आलेला पणतू स्वतः कॅथलिक नव्हता. जॅक कॅथलिक, पण आई नेल ‘डिसायपल्स ऑफ क्राइस्ट’ या प्रोटेस्टंट पंथाची. थोरला भाऊ नील पुढे बापाच्या धर्मात गेला. रोनाल्डने १९२२ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, आपल्या मर्जीने आईच्या पंथात बुडी मारून बाप्तिस्मा घेतला. या पंथात तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. कारण श्रद्धा ज्याची त्याने पत्करायची असते. ती बापाकडून मुलाला जमिनीसारखी मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. कॅथलिक परंपरा सांगते की बाळाला अजून बोलता येत नाही म्हणून काय झालं, आईबाप आणि धर्मपिता-धर्ममाता त्याच्या वतीने बोलतात, चर्च बोलतं, आणि तेवढं पुरतं. मायकेलचा १८२९ चा बाप्तिस्मा पहिल्या प्रकारातला नव्हता आणि रोनाल्डचा १९२२ चा दुसऱ्या प्रकारातला नव्हता. रक्ताच्या नात्याने रोनाल्ड त्या पानाचा वारस होता. धर्माच्या नात्याने त्या पानावर त्याचा काहीच हक्क नव्हता. वंशावळ म्हणून वाचल्या जाणाऱ्या या वहीत नेमकं काय लिहिलेलं आहे, हा प्रश्न इथून सुरू होतो.

वही लिहिणाऱ्यांच्या मनात तरी वंशावळ नव्हती. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मसभेने लग्नाविषयीचा हुकूम काढला: लग्न पॅरिशच्या फादरसमोर आणि दोन-तीन साक्षीदारांदेखत झालं पाहिजे आणि ते वहीत उतरलं पाहिजे. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता आणि धर्ममाता कोण हे विचारून त्यांचीही नावं लिहायची, असंही त्याच सभेने बजावलं. का, तर बाप्तिस्म्यातून आध्यात्मिक सोयरीक जुळते. बाळाला हातावर घेणारी बाई त्या बाळाची तर नातेवाईक होतेच, पण बाळाच्या बापाचीही होते. उद्या तो विधुर झाला तरी त्याला तिच्याशी लग्न करता येणार नाही. म्हणजे आज इलिनॉयमधला किंवा सिडनीमधला पणतू ज्या रकान्यांवर बोट फिरवतो, ते मुळात लग्नातल्या अडचणी हेरण्यासाठी आखले गेले. हाच नियम गोव्यात भरलेल्या १५६७ च्या धर्मसभेने तिथे आणला, म्हणून साष्टीतल्या एखाद्या जुन्या चर्चची वही आणि टिपरेरीतली वही, भाषा सोडली तर, एकाच साच्यातल्या दिसतात.

ट्रेंटचा कायदा असला तरी आयर्लंडमध्ये तो कागदावर उतरायला वेळ लागला. कॅथलिकांवर निर्बंध घालणाऱ्या दंडक कायद्यांच्या काळात त्यांचे धर्मगुरू जपून वावरत. वही ठेवणं म्हणजे आपल्याच हाताने पुरावा तयार करणं. शहरांत आणि सुखवस्तू पूर्वेकडे जुन्या वह्या सापडतात, वेक्सफर्डची तर १६७१ पासूनची. पश्चिमेच्या गरीब पॅरिशांत पहिलं पान उघडतं तेच अनेकदा १८२० नंतर. तिथे त्याआधीचा माणूस शोधणं म्हणजे बहुतेक वेळा थांबणंच.

आता एक नोंद जवळून पाहू. तारीख, बाळाचं नाव, बापाचं नाव, आईचं नाव माहेरच्या आडनावासकट, धर्मपिता, धर्ममाता, आणि फादरला सवड असेल तर वाडीचं नाव. ही माहिती फादरला दिली कुणी? आई तिथे बहुधा नसायची. बाप्तिस्मा जन्मानंतर दोन-तीन दिवसांत, कधी त्याच दिवशी व्हायचा, आणि बाळंतिणीने ‘चर्चिंग’चा विधी होईपर्यंत चर्चची पायरी चढायची नाही असा रिवाज. बाळाला शालीत गुंडाळून नेणारी असायची धर्ममाता. एवढी घाई का? बाप्तिस्म्याविना मेलेल्या बाळाला देवाचं दर्शन होत नाही, ते ‘लिंबो’त अडकतं, अशी पक्की धारणा. बाळ अशक्त असेल तर सुईणच घरी पाणी घालायची आणि मग फादर ‘आधी झाला नसेल तर’ अशी अट घालून पुन्हा विधी करायचा. वहीत तसा लॅटिन शेरा मारायचा.

म्हणजे मायकेल हा टॉमसचा मुलगा, हे वहीला ठाऊक आहे कारण कुणीतरी तसं सांगितलं. प्रत्यक्ष नाही, अनुमानही नाही; न्यायशास्त्राच्या भाषेत हे शब्दप्रमाण, आणि तेही आप्तवाक्य, विश्वासातल्या माणसाचं. फादरने चौकशी केली नाही, कारण चौकशी करणं त्याचं काम नव्हतं. त्याला पाहायचं होतं ते इतकंच: या बाळाचा बाप्तिस्मा झाला का, त्याच्यासाठी कोण जामीन राहिलं, आणि उद्या याचं लग्न ठरलं तर कोण कोण वर्ज्य. ज्या बाळाचा बाप पुढे आला नाही, त्याच्यापुढे ‘बाप अज्ञात’ असं लिहिलेलं सापडतं. काही फादर बापाचं नाव लिहून शेजारी ‘अनौरस’ असं टिपत, काही दयाळू असत आणि ओळ कोरीच सोडत. अशा कोऱ्या जागेपाशी आज लोक डीएनए तपासणी घेऊन येतात. कधी भरलेल्या जागेपाशीही येतात, आणि वहीतला बाप व रक्तातला बाप वेगळे निघतात. मग वही खोटी ठरली असं म्हणायचं का?

ज्या धर्माने ही वही ठेवली, त्याच्या ग्रंथात या प्रश्नाचं सर्वांत मोठं उदाहरण बसलेलं आहे. नवा करार उघडला की पहिल्याच पानावर वंशावळ: मत्तय अब्राहामापासून एकेक बाप मोजत योसेफापर्यंत येतो. लूक तिसऱ्या अध्यायात उलट दिशेने आदामापर्यंत जातो. दोन्ही याद्या जुळत नाहीत. योसेफाचा बाप मत्तयात याकोब आहे, लूकात एली. टीकाकारांनी शतकानुशतकं यावर डोकं चालवलं आहे. त्याहून मोठी अडचण अशी की दोन्ही याद्या योसेफावर येऊन टेकतात आणि त्याच ग्रंथांच्या म्हणण्याप्रमाणे येशू योसेफाच्या रक्ताचा नाहीच. तरी तो दाविदाचा वंशज ठरतो. कशाने? मत्तयाच्या कथेत देवदूत योसेफाला सांगतो की मुलाचं नाव तू ठेव, आणि योसेफ ते ठेवतो. बाप होणं म्हणजे पुढे होऊन नाव देणं. पौलाच्या नावावरच्या पत्रांत तर न संपणाऱ्या वंशावळींच्या नादी लागू नका, असा इशाराच आहे. एका अर्थी टॉमस रीगन त्या सप्टेंबरमध्ये मायकेलचा बाप झाला तो याच पद्धतीने, आणि जीवशास्त्राने काहीही सांगितलं तरी ती गोष्ट खोटी होत नाही. ज्याला केवळ गुणसूत्रं हवी आहेत त्याने ही वही उघडूच नये. तिने तसं वचन कधी दिलेलं नाही.

लग्नाची वही याहून कोरडी, पण तिच्यातही धर्मशास्त्राच्या खाचाखोचा डोकावतात. बहुतेक लग्नं फेब्रुवारीत गर्दी करून असतात, कारण उपवासकाळ सुरू झाला की ईस्टरपर्यंत लग्नं बंद. त्याआधीचा मंगळवार गाठता आला नाही तर वर्ष गेलंच समजा. केरी-कॉर्कच्या बाजूला अशा राहून गेलेल्यांची थट्टा करणाऱ्या, ‘स्केलिग याद्या’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कविता फिरत. समुद्रातल्या स्केलिग बेटावर उपवासकाळ उशिरा सुरू होतो, अजून तिकडे जाऊन उरकून घ्या, असा त्यांचा रोख. आणि मग एखाद्या नोंदीपुढे सूट दिल्याचा शेरा असतो: तिसऱ्या पायरीचं रक्ताचं नातं. आपल्याकडे सपिंडाचा विचार होतो तसा कॅथलिक कायदा त्या काळी चार पायऱ्यांपर्यंत नातं मोजत असे. तिसरी पायरी म्हणजे वर आणि वधू यांचे पणजोबा-पणजी एकच. हा एवढासा शेरा वही सुरू होण्याच्याही आधीच्या पिढ्यांत घेऊन जातो. आईबापांची नावं न लिहिणारी वही पणजोबांचं नातं सांगून जाते, कारण पहिल्याची फादरला गरज नव्हती, दुसऱ्याची होती.

आयरिश सैनिक जिथे गेले तिथे या नोंदीही गेल्या. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यामुळे टिपरेरीत हरवलेला एखादा शिपाई खडकी किंवा कुलाब्याच्या लग्नात सापडतो.

पण लग्न कशाने लागतं? धर्मशास्त्र सांगतं की वर आणि वधू एकमेकांना शब्द देतात तेव्हाच; फादर हा साक्षीदार. राज्याचं मत वेगळं होतं. १७४५ च्या कायद्याने ठरवलं होतं की कॅथलिक धर्मगुरूने कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचं लग्न लावलं तर ते लग्नच नाही. १५ ऑगस्ट १८५७ रोजी डाउन काउंटीतल्या किलोवेनच्या चर्चमध्ये टेरेसा लाँगवर्थ या कॅथलिक इंग्रज तरुणीचं मेजर विल्यम चार्ल्स येल्व्हर्टन यांच्याशी एका कॅथलिक फादरने लग्न लावलं. वर्षाच्या आत मेजरसाहेबांनी एडिंबरामध्ये दुसरं लग्न केलं. प्रकरण कोर्टात गेलं. आपण प्रोटेस्टंट, तेव्हा ते लग्न मुळात झालंच नाही, असा मेजरचा बचाव. १८६१ मध्ये डब्लिनच्या ज्यूरीने टेरेसाच्या बाजूने कौल दिला तेव्हा रस्त्यावर लोकांनी जल्लोष केला. १८६४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तिच्याविरुद्ध निकाल दिला. देवासमोर बायको, कायद्यासमोर कुणीच नाही. हा कायदा १८७० साली गेला. तोवर अशी किती मिश्र लग्नं कॅथलिक वहीत ‘झाली’ आणि सरकारच्या लेखी ‘झाली नाहीत’, याचा हिशेब कोण ठेवणार? त्या घरांतली मुलं एका वहीत औरस आणि दुसरीकडे अनौरस.

वह्यांचं पुढे जे झालं त्यातही हा दुजाभाव दिसतो, फक्त उलटा. प्रोटेस्टंट चर्च ऑफ आयर्लंड हे राज्याचं चर्च होतं. १८६९ च्या कायद्याने ते सरकारपासून वेगळं झालं तेव्हा त्याच्या जुन्या नोंदी सार्वजनिक दस्तऐवज ठरल्या आणि त्यातल्या पुष्कळशा डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या अभिलेखागारात नेऊन ठेवल्या. ३० जून १९२२ रोजी यादवीत तिथे स्फोट होऊन आग लागली आणि शेकडो पॅरिशांच्या वह्या, एकोणिसाव्या शतकातल्या जनगणनेचे कागद, सगळ्यांची राख झाली. ज्या वह्या गावच्या चर्चमध्येच पडून राहिल्या त्या वाचल्या. कॅथलिक वह्यांना सरकारने कधी मोजलंच नव्हतं, म्हणून त्या आगीच्या वाटेत आल्या नाहीत. १९५० च्या सुमारास नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडने त्यांचे मायक्रोफिल्म काढायला घेतले आणि जुलै २०१५ मध्ये हजाराहून अधिक पॅरिशांच्या वह्यांची पानं इंटरनेटवर फुकट खुली केली.

तरी या वह्यांत न सापडणारे फार आहेत. कॅथलिक पॅरिशांनी दफनाच्या नोंदी क्वचितच ठेवल्या. १८४५ ते १८५२ च्या दुष्काळात मेलेल्या सुमारे दहा लाख माणसांपैकी बहुतेकांच्या मरणाची ओळ कुठेच नाही. दफन हा संस्कार नव्हे, मग लिहायचं कशाला? आणि ज्या बाळांपर्यंत पाणी पोचलं नाही ती कुठल्याच वहीत नाहीत. त्यांना पवित्र भूमीतही जागा नव्हती. शेताच्या कडेला, पडक्या गढीच्या आवारात त्यांना पुरत, आणि अशा जागांना आयरिशमध्ये ‘किलीन’ म्हणतात. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगाने सांगितलं की अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारणं आहेत. ज्या भीतीपोटी शतकानुशतकं बाळं तिसऱ्या दिवशी चर्चला नेली गेली, तिला धर्मशास्त्राने फार उशिरा सैल केलं.

मेलेल्यांवर हक्क सांगणारे दुसरेही आहेत. मॉर्मन पंथीय आपल्या पूर्वजांसाठी, त्यांच्या वतीने, मरणोत्तर बाप्तिस्मा घेतात. त्यासाठी नावं लागतात, आणि नावांसाठी त्यांच्या संस्थेने जगभरच्या वह्यांचे मायक्रोफिल्म काढले, हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यासुद्धा. २००८ मध्ये व्हॅटिकनने आपल्या बिशपांना कळवलं की पॅरिशच्या वह्या यांच्या हाती देऊ नका. म्हणजे टॉमस किंवा मार्गारेट हे कॅथलिक म्हणून जगले आणि मेले, तर त्यांना आणखी कुणी आपल्यात ओढू नये. व्हॅटिकनचं म्हणणं पटतं, पण त्यात एक अडचण आहे: मेलेल्याच्या वतीने दुसऱ्याने बोलणं चुकीचं असेल, तर तान्ह्याच्या वतीने बोलणं वेगळं कसं? धर्मशास्त्राकडे याची उत्तरं आहेत, बरीच बारीक, आणि ती सगळ्यांना पटत नाहीत.

आयर्लंडमध्ये ती न पटणाऱ्यांची संख्या वाढली. चर्चच्या संस्थांतल्या अत्याचारांचे अहवाल बाहेर आल्यावर लोकांनी बिशपांना पत्रं लिहिली: आमचं नाव वहीतून काढा. काही काळ वहीच्या समासात ‘धर्म सोडला’ असा शेरा मारून घेण्याची सोय होती. २००९ मध्ये रोमने कॅनन कायद्यात केलेल्या बदलानंतर तीही गेली. मग काहींनी माहिती संरक्षणाच्या कायद्याचा आधार घेतला. चर्चचं म्हणणं असं की बाप्तिस्मा एकदाच होतो, तो पुसता येत नाही आणि दुसऱ्यांदा देता येत नाही, म्हणून तो झाला की नाही हे कळायला नोंद हवीच. शिवाय वहीत ‘हा माणूस कॅथलिक आहे’ असं लिहिलेलं नाही, ‘या तारखेला हा विधी झाला’ एवढंच लिहिलेलं आहे. अर्ज करणाऱ्यांचं म्हणणं असं की त्या तारखेला बोललं दुसरंच कुणीतरी. २०२३ मध्ये आयर्लंडच्या डेटा प्रोटेक्शन कमिशनने डब्लिनच्या आर्चबिशपांबाबतच्या चौकशीत नोंदी ठेवण्याचा चर्चचा हक्क मान्य केला, आणि नावं वहीत होती तिथेच राहिली.